औलीच्या बर्फावर सात दिवस

बर्फावरून घसरण्याचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड आणि हिंदी चित्रपटांतील नायक-नायिका येतात. हा खेळ पैसेवाल्यांचा, आपला नव्हे, असे आपण परस्पर ठरवून टाकतो. वाचकहो, हा समज खरा नाही. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात औली येथे गढवाल मंडल विकास निगम हे सरकारी महामंडळ हिवाळ्यात सात दिवसांचे स्कीइंग शिबिर घेते. राहणे, जेवण, साहित्य आणि शिक्षण एकाच शुल्कात होते. फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही, आमची सौ. आणि महाविद्यालयात शिकणारी आमची पुतणी असे तिघे तेथे जाऊन आलो.

निघण्यापूर्वी घरात बरीच चर्चा झाली. "पोरीचा हातपाय मोडला तर उद्या लग्नाचे काय?" असा प्रश्न एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी केला. पुतणीच्या भावाच्या क्रिकेटबद्दल हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. पुतणीने स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून आपला वाटा उचलला होता. त्यामुळे बेत पक्का झाला.

हृषीकेशहून जोशीमठ सुमारे २५० कि.मी. आहे. बसचा अख्खा दिवस जातो. वाटेत देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात व तेथून पुढे त्या प्रवाहाला गंगा म्हणतात. त्यानंतर रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी गावे लागतात आणि अलकनंदा शेवटपर्यंत सोबत राहते. जोशीमठहून औलीला आम्ही रोपवेने गेलो. सुमारे चार कि.मी.चा हा मार्ग दहा मनोऱ्यांवरून जातो. पाळण्यातून खाली देवदाराचे जंगल आणि समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर! सौ. ने भीतीने डोळे मिटले होते, ते शिखर पाहण्यासाठी उघडले.

पहिला दिवस बुटांनी घेतला. हे बूट म्हणजे कठीण प्लास्टिकचे कवच. घोटा जरासुद्धा वळत नाही. ते घालून चालणे म्हणजे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असल्यासारखे. त्याखाली लांब पट्ट्या अडकवितात. माणूस जोरात पडला तर पट्टी आपोआप सुटावी अशी त्यात योजना असते, म्हणून पाय पिरगळण्याचा धोका कमी होतो. आमचे शिक्षक जवळच्या गावचे. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांनी आधी पडायला शिकविले! मागे न पडता कुशीवर पडावे, पट्ट्या उताराला आडव्या कराव्यात आणि मग उठावे. पट्ट्यांची टोके उताराकडे असली तर उठता उठताच माणूस पुन्हा घसरतो.

दुसऱ्या दिवशी खेकड्यासारखे आडवे पाय टाकीत चढ चढलो. वीस पावलांत धाप लागली, कारण औली अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर आहे. तिसऱ्या दिवशी थांबण्याची विद्या मिळाली. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून आतल्या कडा बर्फात दाबल्या की वेग कमी होतो. हातातल्या काठ्या ब्रेक नव्हेत, हे मास्टरजींना प्रत्येकाला सांगावे लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी वळणे झाली. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळण मिळते.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र पायांची नसून मनाची आहे. उतार दिसला की भीतीने शरीर मागे झुकते. मागे झुकले की पट्ट्यांवरचा ताबा जातो आणि वेग वाढतो. ताबा हवा असेल तर नडगी बुटावर दाबून उताराकडेच झुकावे लागते. मास्टरजी ओरडत, "आगे झुको, डरो मत!"

सौ. ने जन्मात प्रथमच पँट घातली, तीही पुतणीची. पहिले दोन दिवस ती त्यावर शाल गुंडाळून वावरली. तिसऱ्या दिवशी शाल खोलीतच राहिली. पुतणी तर किती वेळा पडली याचा हिशेब आम्ही कारकून असूनही ठेवू शकलो नाही. सहाव्या दिवशी ती मधल्या उतारावरून एकदाही न पडता खाली आली. गुडघा काळानिळा झाला होता, पण चेहरा असा की प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकांनी तो पाहायला हवा होता.

मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळविले. स्कीइंगमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक म्हणून त्याचा गौरव झाला. काश्मीरच्या आरिफ खानने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, तेव्हा संपूर्ण भारतातून तो एकटाच खेळाडू होता. एवढा मोठा देश, एवढा मोठा हिमालय आणि खेळाडू एक! संधी आणि साहित्य सामान्यांच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, हेच त्याचे कारण.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. आम्ही मास्टरजींना फोन केला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली होती. हे गाव जुन्या दरडींच्या मातीवर वसले आहे, तेथे अवजड बांधकामे करू नयेत, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. तो पाळला गेला नाही. त्याची किंमत मात्र मास्टरजींसारख्यांनी मोजली. रोपवेही त्या जानेवारीत बंद करण्यात आला. रस्त्याने औली सुमारे १५ कि.मी. पडते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी बर्फाची आणि शिबिराच्या तारखांची आधी चौकशी करावी. महिनाभर अगोदर रोज बैठका माराव्यात व जिने चढावेत. काळा चष्मा न्यावा, कारण बर्फावरचे ऊन डोळ्यांना इजा करते. पाणी भरपूर प्यावे. राहण्या-खाण्याचा पैसा शक्यतो स्थानिकांच्या हाती द्यावा आणि त्यांची विचारपूस करावी. मुख्य म्हणजे मुलींना बरोबर न्यावे. पडून उठण्याचे शिक्षण त्यांनाही मिळायला हवे.