दूर गेल्यावर ऐकू आलेली बोली

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावयास बसलो, तेव्हा आम्हांस शाळेच्या ग्रंथालयात भेटलेले एक नाव आठवले : अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन.

१९४५ साली पिट्सबर्गमधील हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील जर्मन वंशाचे, गोरे. आई कृष्णवर्णीय, परक्यांच्या घरी साफसफाई करून मुलांना वाढविणारी. पुढे त्यांनी वडिलांचे किटेल हे आडनाव सोडून आईचे स्वीकारले. नेपोलियनवरील निबंध त्यांनी स्वतः लिहिला नाही, असा संशय शिक्षकाने घेतला, तेव्हा पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि सार्वजनिक ग्रंथालयालाच शाळा मानले. १९६८ साली मित्रासह वस्तीत नाट्यसंस्थाही उभारली. परंतु आपल्या माणसांची बोली नाटकास योग्य आहे, असे त्यांना वाटत नव्हते. १९७८ साली ते दूर सेंट पॉल येथे राहावयास गेले आणि मागे राहिलेली ती बोली तेथे त्यांना स्पष्ट ऐकू येऊ लागली. त्यातून विसाव्या शतकातील प्रत्येक दशकाचे एक, अशी दहा नाटके उभी राहिली. ‘फेन्सेस’चा नायक तर कचरा उचलणारा कामगार. त्या नाटकास १९८७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

हे वाचून आम्ही ओशाळलो. वसतिगृहात प्रमाण भाषा शिकल्यावर भेटीच्या रविवारी आम्ही आईचे शब्द दुरुस्त करीत असू. ‘पानी नव्हे, पाणी म्हण.’ हळूहळू ती आमच्याशी कमी बोलू लागली. डबा पुढे करी आणि गप्प बसे. त्या मौनाचे कारण आम्हीच होतो, हे पुष्कळ उशिरा उमगले.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक छोटी नाटिका लिहिली. त्यातील मजूर स्त्री आईच्याच बोलीत बोलत होती. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी लोकांशी लोकांच्याच भाषेत संवाद साधला होता, हे आमच्या गुरुजींनी तालमीच्या वेळी सांगितले, म्हणून धीर आला. प्रयोगानंतर आई म्हणाली, ‘हे तं आपल्या घरचंच बोलनं हाय की रं!’ मग निघेपर्यंत ती बोलत राहिली. आम्ही एकही शब्द दुरुस्त केला नाही.

शाळेने आम्हांस प्रमाण भाषा दिली, तिचे ऋण मोठे आहे. परंतु घरापासून दूर ठेवून आईची बोली ऐकावयास शिकविले, ते ऋण त्याहूनही मोठे. आज येथे शिकणाऱ्या मुलामुलींनी या सुट्टीत घरी जाताना एक कोरी वही न्यावी, आणि घरच्यांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, एवढीच विनंती.