सिंधूचा जबाब

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील नीतिविचार, असा निबंध वर्गाला दिला की बहुतेक वह्यांत एकच उत्तर येतं. दारूनं संसाराची राखरांगोळी होते, म्हणून दारूला शिवू नये. उत्तर चुकीचं नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना ते नाटक वाचून शिकावं लागत नाही. देशीचं दुकान कुठं आहे आणि हातभट्टी कोणत्या नाल्याकाठी लागते, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. एवढंच सांगायचं असतं तर गडकऱ्यांना पाच अंक लागलेच नसते.

नाटकाचा नायक सुधाकर हा काही वाईट माणूस नव्हे. बुद्धिमान वकील, सरळ मनाचा, बायकोवर जीव असलेला. पण मानी. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि तो सल सहन होत नाही तेव्हा तळीराम पहिला प्याला पुढं करतो. शोकांतिकेचा नायक पुरता सज्जनही नसावा आणि पुरता दुर्जनही नसावा, असं ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलं आहे. सुधाकर त्यात नेमका बसतो. ज्या स्वाभिमानामुळं तो आपल्याला आवडतो, तोच त्याला गुत्त्यापर्यंत नेतो. दारू नंतर येते. चांगले विद्यार्थी इथपर्यंत पोचतात, आणि मला त्याचं कौतुक वाटतं.

खरी अडचण पुढं आहे. सुधाकरची बायको सिंधू श्रीमंत माहेराची मदत घेत नाही, लोकांची दळणं दळते, तान्ह्या बाळाला सांभाळते. शेवटच्या अंकात सुधाकरच्या हातून ते बाळ दगावतं, ती स्वतः मरणाच्या दारात पडते. फौजदार जबाब घ्यायला येतो, आणि सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं सांगते.

गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळच्या सावनेरला गेले. वय अवघं तेहतीस. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची फाटक्या लुगड्यातली सिंधू पाहून थिएटरं रडली. त्या रडण्यात त्या खोट्या जबाबाची पूजाही होती.

एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘सिंधूनं फौजदाराला खरं सांगायला पाहिजे होतं.’ बाकी निबंध गाईडमधला होता, अक्षरही घाईचं. पण हे वाक्य लिहून तिनं ते खोडलं होतं, आणि पुन्हा त्याच ओळीच्या वर, थोड्या ठळक अक्षरात, लिहिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जाणारी ती मुलगी. नाटकातला नीतीचा प्रश्न तिनं अचूक पकडला होता. बाळाचा जीव घेणाऱ्याला वाचवणं हे पातिव्रत्य, की त्या बाळावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय?

हा प्रश्न जुना झालेला नाही. घरातल्या छळाविरुद्ध 1983 साली फौजदारी कलम आलं, 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. तरी दवाखान्यात फुटलेलं डोकं घेऊन आलेली बाई अजूनही ‘पाय घसरून पडले’ असंच सांगते. तिला दोष देणं सोपं आहे. पोरं कुठं नेऊ, माहेर किती दिवस ठेवेल, हा हिशोब तिच्यापुढं असतो. सिंधूला मात्र माहेर होतं. म्हणूनच तिचा जबाब मला जास्त अस्वस्थ करतो.

आणि आमच्या भागात उलट जबाब देणाऱ्या बायाही आहेत. ‘स्वामिनी’ चळवळीच्या झेंड्याखाली याच जिल्ह्यातल्या हजारो बाया दारूबंदी मागायला रस्त्यावर उतरल्या. गावात मतदान घेऊन बाटली आडवी करायची सोय नियमात आहे, तिथं बायांचं मत मोजलं जातं. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर संसार ओढणारी, ‘तेरवं’ या नाटकात स्वतः उभी राहिलेली बाई. गडकऱ्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं व्हायला तेव्हा दोनच आठवडे उरले होते. सोसणाऱ्या बाईनं रंगमंचावर मरायचंच असतं, हा संकेत वैशालीताईंनी मोडला.

यानं गडकरी लहान ठरत नाहीत. त्यांनी सिंधूला इतकं जिवंत केलं म्हणूनच तिच्याशी भांडावंसं वाटतं. तळीरामाच्या बायकोला, गीतेला, त्यांनीच फटकळ जीभ दिली. एकाच नाटकात दोन तऱ्हेच्या बाया उभ्या करून ठेवल्या आहेत, तर त्यांची तुलना मुलांना करू द्यावी.

मराठी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी ‘बोध सांगा’ असं विचारू नका. ‘सिंधूच्या जागी तुम्ही काय जबाब दिला असता?’ असं विचारा, आणि तिच्याशी न पटणाऱ्या मुलीचे गुण कापू नका.