दप्तरं आली तोवर पट्टा पडला होता

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मलकापूरच्या ऑफिससमोर टेम्पो थांबला आणि त्यातून दोनशे दप्तरं उतरली. प्रत्येकावर कंपनीचं चिन्ह, आत वह्या, कंपासपेटी. ज्या मुलांच्या नावानं ती आली होती, ती मुलं आईबापांबरोबर बीडकडे केव्हाच निघून गेली होती. साखर कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता; टोळ्यांच्या अड्ड्यावर मोडलेल्या कोप्यांचं पाचट तेवढं उरलं होतं. वर्ष उलटलं, पण तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.

आमची संस्था लहान. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, 80 जी असलेली, दरवर्षी मे अखेरपर्यंत देणगीदारांची यादी आयकर खात्याला भरणारी. परदेशी पैशाच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. काम एकच: कृष्णाकाठच्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांची मुलं शाळेत टिकवणं. 2010 मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यापासून या मुलांना जवळच्या शाळेत प्रवेश मिळायलाच हवा, आणि कागदावर तो मिळतोही. पण पहाटे अंधारात आईबाप फडावर गेले की दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीच्या दारात बसते. तिला शाळेपर्यंत कोण नेणार? मुकादमाशी बोलायचं, मुख्याध्यापकांना भेटायचं, गावाकडच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागवायचं, संध्याकाळी अड्ड्यावर बसवून मागं पडलेलं शिकवायचं. हे सगळं माणसंच करतात. आमच्या कामात दुसरं काही नाहीच, शिक्षिका आहेत आणि त्यांचे पगार आहेत.

त्या हंगामात दिवाळीच्या आधी एका कंपनीचे सीएसआर (सामाजिक दायित्व) अधिकारी आले होते. त्यांनी मन लावून ऐकलं, अड्ड्यावरही आले. मग ऑफिसात बसून त्यांनी आमचं बजेट वाचलं आणि पहिल्याच ओळीवर पेन ठेवलं: सहा शिक्षिका, एक पर्यवेक्षिका, पगार आणि पीएफ. म्हणाले, "हा प्रशासकीय खर्च झाला. कायद्यानं पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही."

कायदा तसं म्हणत नाही. 2021 च्या सुधारित सीएसआर नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावरच्या खर्चाला. एखादा प्रकल्प राबवायला थेट जो खर्च येतो, तो त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. मुलांना शिकवणाऱ्या बाईचा पगार हाच तर प्रकल्प! मी नियमाची छापील प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मान हलवली. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण आमच्या हेड ऑफिसला पगाराचं हेड चालत नाही. वस्तू सांगा. वस्तूचं बिल येतं, फोटो येतो."

ते मला खोटं ठरवून गेले असते तर मी विसरून गेले असते. त्यांनी मान्य केलं, आणि तरीही ती ओळ खोडली. त्या दुपारी टेबलाशी बसून आम्ही वस्तूंची यादी केली. दप्तरं, चटया, एक टीव्ही. अड्ड्यावर वीज नाही म्हटल्यावर टीव्ही गेला. चटया राहिल्या. शिकवणार कोण, हा प्रश्न त्या यादीत कुठेच बसत नव्हता.

मंजुरीचं पत्र फेब्रुवारीत आलं. यातही कुणाचा दुष्टपणा नाही, हे मला कळतं. कायद्यात बसणाऱ्या कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे, आणि राहिले तर सरकारनं ठरवलेल्या निधीत भरायचे. त्यामुळे मार्चअखेर गाठायला जानेवारीपासून सगळ्यांची घाई सुरू होते. आमचा हंगाम मात्र दिवाळीच्या आगेमागे मोळी पडली की सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो. पैसे सुटतात तेव्हा टोळ्या गाड्या भरत असतात. त्याच कायद्यात चालू प्रकल्पासाठी वेगळं खातं काढून उरलेली रक्कम पुढच्या तीन वर्षांत खर्चायची सोय आहे. हंगामी कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांनी ती वापरावी. आणि संस्थांनीही अर्ज करताना "चालू प्रकल्प" म्हणूनच मागणी करावी, गप्प बसू नये.

31 मार्चच्या आत वाटपाचे फोटो आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट हवं होतं. आम्ही भांडून निम्म्या दप्तरांना पुढच्या हंगामापर्यंतची लेखी मुदत मिळवली. बाकीची जवळच्या शाळांत दिली, जिथल्या बहुतेक मुलांकडे आधीच दप्तरं होती.

तोवर आमची सगळ्यात जाणती शिक्षिका सोडून गेली होती. डीएड झालेली, पोरांशी त्यांच्याच बोलीत बोलणारी. डिसेंबरपासून आम्ही तिला निम्मा पगार देत होतो. तिला एका मायक्रोफायनान्स कंपनीत वसुलीची नोकरी मिळाली. जाताना ती रडली. मीच तिला जा म्हटलं. घरात सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं.

यावर आमचे एक हितचिंतक म्हणाले, "आता लक्ष्मीबाई राहिल्या नाहीत." सातारा जिल्ह्यात हे वाक्य कार्यकर्त्याच्या पाचवीला पुजलेलं आहे. रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये आमच्या तालुक्यातल्या काल्यात सुरू झाली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. पण त्यांनी ते स्वतः होऊन दिलं. दुसऱ्याच्या सुनेकडे त्यागाची मागणी करायला कुणी त्यांचं नाव घेऊ नये. आणि कर्मवीरांनी गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य मागितलं होतं, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे.

ते मागणं मीही केलं. मलकापुरात दवाखाने आहेत, महामार्गावर शोरूम आहेत, पैसा आहे. वाढदिवसाला मुलांना जेवण द्यायला पुष्कळ जण तयार होतात. पगाराला हो म्हणणारे थोडे. मी लोकांना विचारते, आपल्या गावाचं चोवीस तास पाण्यासाठी नाव झालं. मीटरप्रमाणे बिल भरताना पंपावरच्या माणसाचा पगार कशाला, असं आपण म्हणतो का? काहींना पटतं. काही जण म्हणतात, जेवणाचं तेवढं सांगा.

नोव्हेंबरमध्ये राखून ठेवलेली दप्तरं वाटली. धारूरकडच्या एका मुलीनं ते पाठीला लावलं आणि संध्याकाळचा वर्ग संपेपर्यंत काढलं नाही. मी चिडून बसले होते खरी, पण तिच्याकडे पाहून मला फार बरं वाटलं. त्या अधिकाऱ्यांना तिचा फोटो मी आपणहून पाठवला.

पुन्हा त्या कंपनीच्या दारात जायचं नाही, असं मी विश्वस्तांना सांगून टाकलं होतं. यंदाचा अर्ज त्यांनाच गेला आहे. पहिल्या ओळीत पगार आहेत, खाली नियमाची प्रत जोडली आहे, आणि मागणी तीन वर्षांच्या चालू प्रकल्पाची आहे. शिक्षिकांना मोळी पडली की यायला सांगितलंय. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे मलकापुरातल्या काही घरांनी कबूल केलेत, जानेवारीचं अजून कुणाशी बोलणं झालेलं नाही.