‘इन्सर्ट’मध्ये रो नाही

मायक्रोसॉफ्ट ऑफिसची २००७ ची आवृत्ती ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसाधारण ग्राहकांसाठी बाजारात आली, आणि वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंटच्या माथ्यावरची मेनूंची ओळ तिच्यात नाहीशी झाली. एक्सेलमध्ये त्या ओळीत फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, डेटा, विंडो आणि हेल्प असे नऊ मेनू होते. त्यांच्या जागी होम, इन्सर्ट, पेज लेआउट, फॉर्म्युलाज, डेटा, रिव्ह्यू आणि व्ह्यू असे सात टॅब असलेली रुंद पट्टी आली. तिला ‘रिबन’ म्हणतात. फाइल मेनू डाव्या कोपऱ्यातल्या एका गोल बटणात गेला. त्या बटणावर फक्त रंगीत चिन्ह होते, अक्षर एकही नव्हते. पुष्कळांना ते कंपनीचे बोधचिन्ह वाटले आणि ते दाबायचे असते हे कित्येक दिवस कळले नाही.

बदलामागे कारण होते. १९८९ च्या पहिल्या विंडोज वर्डमध्ये सुमारे शंभर आज्ञा होत्या. २००३ च्या वर्डमध्ये त्या दीड हजारांवर गेल्या. टूलबार २ वरून ३१ झाले. लोक ज्या सोयी मागत होते त्यांतल्या बऱ्याच आधीपासून प्रोग्राममध्ये होत्या, फक्त सापडत नव्हत्या, असा निर्मात्यांचा अनुभव होता. त्याआधी ऑफिस २००० मध्ये कमी वापराच्या आज्ञा मेनूने आपोआप लपवण्याचा प्रयोग झाला होता. तोही फसला, कारण आज दिसलेली ओळ उद्या त्याच जागी सापडेल याची खात्री राहिली नाही. रिबनमध्ये सर्व काही उघड्यावर मांडायचे ठरले. नव्याने शिकणाऱ्याला हे सोयीचे होते. जुन्या माणसाचे शिकून झालेले होते, आणि जे शिकले होते त्याची जागा हलली होती.

प्रस्तुत लेखक त्या काळात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्याच्या हिशेब विभागात काम करत असे. २००८ च्या पावसाळ्यात तेथे सहा नवे संगणक आले आणि त्यांबरोबर नवे ऑफिसही आले. पूर्वसूचना कोणी दिली नव्हती. सोमवारी सकाळी खुर्चीत बसल्यावरच बदल दिसला. पहिल्या तासातले पहिले वाक्य टंकलेखन संस्थेतून शिकून आलेल्या एका मॅडमचे होते: “काका, इन्सर्टमध्ये रो नाही.”

ही तक्रार शब्दशः खरी होती. जुन्या एक्सेलमध्ये इन्सर्ट मेनू उघडला की त्यात रो आणि कॉलम होते. नव्या पट्टीतल्या इन्सर्ट टॅबमध्ये पिव्होट टेबल, चित्र, आलेख, हेडर-फूटर अशा गोष्टी होत्या. ओळ घालायची सोय मात्र होम टॅबच्या उजव्या बाजूला ‘सेल्स’ गटात गेली होती. तिथल्या छोट्या बटणाचे नाव पुन्हा इन्सर्टच. पिव्होट टेबल पूर्वी डेटा मेनूत होते, ते इन्सर्टमध्ये आले. फ्रीझ पेन्स विंडो मेनूतून व्ह्यूमध्ये गेले. शीट कुलूपबंद करण्याची सोय टूल्समधून निघून रिव्ह्यूमध्ये बसली. यातली प्रत्येक हलवाहलव वेगवेगळी पाहिली तर तर्काला धरून होती. पण महिनाअखेरीला पगारपत्रक काढताना तर्काला वेळ कोणाकडे असतो?

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो प्रिंट प्रिव्ह्यूने. जुन्या टूलबारवर भिंगाचे चित्र असलेले बटण होते. आता गोल बटण, मग प्रिंट, मग बाजूचा बाण, मग प्रिव्ह्यू असे टप्पे झाले. कागद वाया जाऊ नये म्हणून जी गोष्ट रोज पाहायची तीच लपल्याने कागद जास्त वाया गेला. पुढे कोणीतरी वरच्या छोट्या पट्टीत, क्विक ॲक्सेस टूलबारमध्ये, ते बटण कायमचे आणून ठेवले आणि बाकी पाच संगणकांवरही तसेच करून दिले. विभागाची निम्मी नाराजी त्या एका बटणाने मिटली.

वर्डची अडचण वेगळ्या जातीची होती. नव्या कोऱ्या पानावर टाइम्स न्यू रोमन १२ ऐवजी कॅलिब्री ११ हा टंक येऊ लागला, ओळींमधील अंतर १.१५ झाले आणि प्रत्येक एंटरनंतर १० पॉइंटांची मोकळी जागा सुटू लागली. पत्त्याच्या चार ओळी चार एंटर देऊन टंकणाऱ्यांचा पत्ता त्यामुळे पानभर विखुरला. लेटरहेडवर नेमके एका पानात बसणारे पत्र दुसऱ्या पानावर सांडले, आणि तिथे ‘आपला विश्वासू’ एवढेच उरले. स्टाइल सेटमध्ये ‘वर्ड २००३’ हा पर्याय निवडला की हे सगळे पूर्ववत होई. हा शोध लागायला तीन आठवडे गेले. तोवर मॅडमनी शिफ्ट-एंटरने काम भागवले होते.

एक प्रसंग विशेष नोंदवण्यासारखा आहे. टॅबवर चुकून दोनदा क्लिक झाले की अख्खी पट्टी मिटते आणि फक्त टॅबांची नावे उरतात. महिनाअखेरीच्या संध्याकाळी हे घडले तेव्हा ‘पट्टीच गेली’ अशी ओरड झाली. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तरी पट्टी मिटलेलीच, कारण ती शेवटची अवस्था लक्षात ठेवते. दुरुस्तीवाल्याला फोन झाला. त्याने फोनवरच सांगितले: कंट्रोल-एफ१. सहा-बाराची डोंबिवली गाडी तेवढ्यात निघून गेली होती.

या विभागात सर्वांत कमी त्रास झाला तो सर्वांत वयस्कर लेखापालांना, ज्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी माऊस फारसा कधी वापरलाच नव्हता. जुन्या एक्सेलमध्ये ओळ घालायची तर ते ऑल्ट, आय, आर दाबत; सूत्र काढून नुसते आकडे चिकटवायचे तर ऑल्ट, ई, एस, व्ही. नव्या आवृत्तीतही त्यांनी तेच केले आणि ते चालले. ऑल्ट-आय दाबताच पडद्यावर एक छोटी चौकट येई. ही ऑफिस २००३ ची कळ आहे, पुढची अक्षरे टंकत राहा, असा तिचा आशय. मेनू पडद्यावरून गेला तरी त्याच्या कळा आत राखून ठेवलेल्या होत्या. नव्या पद्धतीने तेच काम ऑल्ट, एच, आय, आर असे होते, म्हणजे एक अक्षर जास्त. काकांनी ते कधी शिकून घेतले नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

यावरून या अडचणीचे खरे स्वरूप लक्षात येते. माऊसवाल्यांना आज्ञांची नावे पाठ नव्हतीच. त्यांना जागा पाठ होत्या. वरून तिसरे, डावीकडून पाचवे. रोज लोकलने जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. डोंबिवलीच्या फलाटावर कोणत्या खांबापाशी उभे राहिले की ठाण्याला बरोबर पुलाच्या जिन्यासमोर उतरता येते, हे पायांना ठाऊक असते. खांबाचा क्रमांक विचारला तर सांगता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांना पश्चिम रेल्वेच्या पुढचे क्रमांक देण्यात आले आणि जुना १ हा ८ झाला. फलाट जागचे हलले नव्हते, त्यामुळे रोजचे प्रवासी पूर्वीसारखेच चालत राहिले आणि गोंधळ क्वचित येणाऱ्यांचा झाला. रिबनचे नेमके उलटे: नावे बरीचशी तीच, जागा दुसऱ्या, म्हणून रोजचा माणूसच चुकला.

कंपनीने मिळवलेल्या वापराच्या आकडेवारीप्रमाणे वर्ड २००३ मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच आज्ञाच एकूण वापराच्या सुमारे ३२ टक्के होत्या. कंट्रोल दाबून चालणाऱ्या या पाचांच्या कळांना हात लागलेला नव्हता. म्हणजे कामाचा मोठा हिस्सा पहिल्या दिवसापासून सुरळीत होता. पण माणूस अडलेले मोजतो, चाललेले मोजत नाही, आणि प्रस्तुत लेखकाने सोमवारी एक वही घातली तीही अडलेल्याचीच: डाव्या रकान्यात जुनी जागा, उजव्यात नवी. दिवाळीपर्यंत त्यात चाळीसेक नोंदी झाल्या. त्यानंतर नवी नोंद झाली नाही. २०१० च्या आवृत्तीत गोल बटण जाऊन ‘फाइल’ हा शब्द परत आला आणि पट्टीत आपल्याला हवे ते टॅब बनवण्याची सोय मिळाली, तेव्हा वहीची गरजही उरली नव्हती.

दुसरा बदल नोव्हेंबर २०२० मध्ये आला, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या, टॅली प्राइमच्या रूपाने. तेव्हा कोरोनामुळे लोकल सर्वांसाठी सुरू नव्हत्या आणि हिशेब डोंबिवलीतल्या घरून फोनाफोनी करत चालले होते. आधीच्या टॅली ईआरपी ९ मधील ‘अकाउंट्स इन्फो’ हा थांबा गेला. क्रिएट, ऑल्टर आणि चार्ट ऑफ अकाउंट्स थेट पहिल्या पानावर आले. एका अहवालातून दुसऱ्यात जाण्यासाठी एस्केप दाबत मागे येण्याऐवजी ऑल्ट-जी दाबून ‘गो टू’मध्ये नाव टंकायचे. ही सोय खरोखर चांगली होती. ती मान्य करायला प्रस्तुत लेखकाला महिना लागला. काँट्राचे एफ४, पेमेंटचे एफ५, रिसीटचे एफ६, जर्नलचे एफ७, विक्रीचे एफ८ आणि खरेदीचे एफ९ जिथल्या तिथे होते, म्हणून रोजच्या नोंदी पहिल्याच दिवशी झाल्या. अडले ते डेबिट आणि क्रेडिट नोटपाशी.

काका तोवर निवृत्त झाले होते. तरी फोन त्यांनाच गेला, आणि त्यांनी आधी विचारले, “एफ८ चालतंय ना? मग बाकीचं लिहून ठेव.” २००८ च्या वहीची मागची पाने कोरी होती. तिथे दोन ओळी झाल्या: क्रेडिट नोट, कंट्रोल-एफ८ होते, आता ऑल्ट-एफ६, डेबिट नोट, कंट्रोल-एफ९ होते, आता ऑल्ट-एफ५.