सावकाश होऊ द्या!

पंगतीत वाढणारा माणूस एक वाक्य हमखास म्हणतो, "सावकाश होऊ द्या!" मोठं गोड वाक्य आहे. पण मंडळी, ते म्हणणारा माणूस नेहमी उभा असतो, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? बसलेल्याने सावकाश जेवायचं आणि उभ्याने धावायचं. त्यातून दुसरी पंगत बाहेर ताटकळत असली, की 'सावकाश होऊ द्या'चा अर्थ 'आता आटपा' असाही होतो!

आमच्या पिढीतल्या बायका जन्मभर हे वाक्य म्हणत उभ्याच राहिल्या. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. शाळा अकराची. सकाळी स्वयंपाक, डबे, धावपळ. संध्याकाळी तव्यावरची पोळी थेट लेकीच्या आणि ह्यांच्या ताटात. 'आम्ही दोघं जेवतो, तू पण बस की' असं हे म्हणायचे, आणि 'झालंच, दोन पोळ्या राहिल्यात' असं मी म्हणायचे. त्या दोन पोळ्या काही कधी संपल्या नाहीत. लेकीशी माझं बोलणं व्हायचं ते पाठमोरं, ओट्याकडे तोंड करून. घरोघरी हीच रीत होती, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटतही नव्हतं.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे फ्रान्समधलं एक जेवण. माझी लेक बरीच वर्षं लिऑनला असते. तिथल्या एका सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हे 2019 साली गेले. 2023 साली मला पंचाहत्तर पूर्ण झाली, तेव्हा ती म्हणाली, "आई, अमृतमहोत्सव इथे करायचा." मी म्हटलं, अमृतमहोत्सव संस्थांचे असतात, माणसांचा नुसता वाढदिवस. पण गेले.

तर सांगायचं म्हणजे, हे लिऑन गाव दोन नद्यांवर वसलंय. एक ऱ्होन आणि दुसरी चक्क सोन! (उच्चार असाच आहे, आणि आपल्याकडेही सोन नदी आहेच.) शहराच्या मध्ये एक टेकडी आहे, क्रुआ-रूस नावाची. तिथे एके काळी रेशमाचे विणकर राहायचे. त्यांना 'कान्यू' म्हणत. टेकडीवरच्या जुन्या घरांची छतं चांगली उंच आहेत, कारण आत उंच माग मावायला हवेत. आणि तो माग कुणाचा? जकार्डचा! जोसेफ मारी जकार हा 1752 साली ह्याच गावात जन्मला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांवरून नक्षी उचलणारा त्याचा माग 1804च्या सुमाराचा. मी येवल्याची. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पैठणी विणणाऱ्यांच्या घरची. येवल्यातही काही मागांवर जकार्ड बसवलेलं आहे. 'बाई, घरी जकार्ड लावायचंय, उद्या येणार नाही' असं सांगणाऱ्या पोरांचं ते जकार्ड ह्या टेकडीवरून आलंय, हे तिथल्या विणकरांच्या संग्रहालयात उभी असताना कळलं आणि अंगावर काटा आला. ह्याच विणकरांनी 1831 साली मजुरीच्या दरासाठी उठाव केला होता. म्हणजे माग कुठलाही असो, विणणाऱ्याचं दुखणं एकच!

ह्या विणकरांना पोटभर, स्वस्त आणि घरच्यासारखं जेवायला घालणारी जी छोटी छोटी ठिकाणं होती, त्यांना 'बुशों' म्हणतात. अजूनही आहेत. आता तिथे विणकर जात नाहीत, पर्यटक जातात आणि लिऑनची माणसं वाढदिवसाला जातात. त्या गावात स्वयंपाकाची कीर्ती पसरवली ती बायकांनी. त्यांना 'मेर' म्हणत, म्हणजे चक्क 'आई'. श्रीमंत घरांतून स्वयंपाकाची नोकरी करणाऱ्या कित्येक जणींनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या. त्यातली एक युजेनी ब्राझिए. जन्म 1895 चा, शेतकऱ्याच्या घरचा. आई लहानपणीच गेली. ऐन विशीच्या आत, लग्नावाचून पदरी मूल. लोकांच्या घरी कामं केली, आणि 1921 साली स्वतःचं छोटं खाणावळवजा रेस्टॉरंट उघडलं. टायरवाली मिशलँ कंपनी रेस्टॉरंटांना तारे देते ना, ते तिच्या दोन रेस्टॉरंटांना 1933 साली तीन-तीन मिळाले. एकूण सहा तारे मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती. पुढे जगप्रसिद्ध झालेले पॉल बोक्यूज तरुणपणी तिच्याच हाताखाली शिकले.

हे ऐकताना मला सारख्या आपल्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवत होत्या. गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालून त्यांनी आपले संसार ओढले. प्रेमाताई पुरव ह्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तिकडे रेशीम, इकडे सूत. तिकडे मेर, इकडे मावशी. फरक एवढाच, की आपल्या मावश्यांना तारे द्यायला कुणी आलं नाही. असो.

लेकीने निवडलेलं बुशों अगदी एवढंसं होतं. सात टेबलं, लाल चौकटीचे टेबलक्लॉथ, भिंतीवर तांब्याची भांडी. आत नवरा रांधणार, बाहेर त्याची बायको वाढणार आणि मदतीला एक कॉलेजातली मुलगी. लेक त्या दोघांना ओळखत होती. परीक्षा पास झाली, नोकरी लागली, की ती इथे यायची म्हणे. बाबा गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांच्या तिथीलाही ती इथे एकटीच येऊन जेवली होती. हे मला तिथे बसल्यावर कळलं.

मी शाकाहारी, अंडं मात्र चालतं (ह्यांच्या कृपेने!). बुशोंत शाकाहारी माणसाने जाणं म्हणजे खाटकाच्या दुकानात जाऊन मेथीची जुडी मागण्यासारखंच आहे. म्हणून लेकीने आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. कांद्याचं सूप दिसायला सोवळं, पण त्यात बहुतेक वेळा गोमांसाचा काढा असतो, तेव्हा ते नको. आधी आली मसुराच्या जातीच्या डाळीची थंड कोशिंबीर. मग एक पांढरी वाटी. तिचं नाव 'सर्वेल द कान्यू', म्हणजे 'विणकराचा मेंदू'! मी दचकलेच. पण तो निघाला आपला चक्का, त्यात बारीक चिरलेली हिरवी पात, लसूण, छोटे कांदे, तेल आणि व्हिनेगर. पावाला लावून खायचा. गरीब विणकरांचं खाणं ते. मी म्हटलं, वरून हिंगमोहरीची फोडणी दिली की झालं! मग बटाट्याच्या पातळ चकत्या साय आणि लसूण घालून भाजलेला ग्राताँ. तिकडे गोडाच्या आधी चीज येतं. तेही आलं, मऊ, वितळू घातलेलं. सगळ्यात शेवटी भडक गुलाबी रंगाचा, साखरेत घोळलेल्या बदामांचा टार्ट. आपल्या जत्रेतल्या मिठाईचा रंग अगदी!

साधं पाणी आणि पाव जेवणाबरोबर येतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वाढणाऱ्याचा मेहनतानाही किमतीत धरलेला असतो, त्यामुळे टिप किती ठेवायची ही चिंता नाही. आणि एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही. टेबल त्या रात्रीपुरतं तुमचं. माणशी तीसेक युरो म्हणजे रुपयात किती, हा गुणाकार मी मनात केलाच, पेन्शनरचं मन ते! पण अडीच तासांत आम्हाला कुणी 'आणखी काय?' असं विचारून उठवलं नाही.

युनेस्कोने 2010 साली फ्रेंच लोकांच्या जेवणाला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. मला वाटायचं, त्यांच्या पदार्थांना घेतलं असेल. पण नाही. जन्म, लग्न, वाढदिवस, यश, भेटीगाठी अशा प्रसंगी माणसांनी एकत्र बसून, एकामागून एक पदार्थ घेत, सावकाश जेवायची जी रीत आहे, तिला तो मान आहे. म्हणजे मान बसण्याला आहे!

आणि बसल्यामुळेच पुढचं झालं. चीज संपलं होतं, गोड यायचं होतं. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला सरावलेली मी. एवढा वेळ लेकीच्या समोर, तिच्या चेहऱ्याकडे बघत, हाताला काही काम नसताना मी ह्याआधी कधी बसले होते, ते आठवेना. ती म्हणाली, "आई, एक सांगायचंय. मी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे."

मी विचारलं, "म्हणजे आपला पासपोर्ट?"

"तो परत करावा लागेल. तुला तर माहितीच आहे."

माहिती कसं नसेल? नागरिकत्वाचा कायदा मी शेकडो मुलांना शिकवलाय. स्वखुशीने परदेशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं जातं. फ्रान्सला दोन चालतात, आपल्याला चालत नाहीत. फळ्यावर हे लिहिताना ते किती सोपं होतं! दर सव्वीस जानेवारीला मैदानावर संविधानाची उद्देशिका मी म्हणायची आणि मागून पोरं म्हणायची. त्यात ही पुढच्या रांगेत, दोन वेण्या घालून. घोटभर पाणी प्यायले, ते घशाखाली उतरेना.

ती हळूहळू बोलत राहिली. इतकी वर्षं कर भरते, पण गावच्या महापौरालाही मत देता येत नाही. इस्पितळातली कायमची जागा फ्रेंच किंवा युरोपीय संघाच्या नागरिकांनाच मिळते. ती अजून करारावर, दर खेपेला नवं पत्र. "बाबा असताना बोलायचं होतं. मग ते गेले. फोनवर तुझा चेहरा दिसतो, पण तू कढई हलवत असतेस. चार वर्षं राहूनच गेलं, आई."

मी काही बोलले नाही. रागही नव्हता आणि आनंदही नव्हता. घरी असते तर उठून भांडी घासायला लागले असते. इथे उठायला जागाच नव्हती. मालकीण हातात टार्टच्या बश्या घेऊन दारापर्यंत आली. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तशीच आत परत गेली. भाषा कळत नसून त्या बाईला कळलं. चांगली दहा मिनिटं आमच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही.

मग मला माझी 1974 सालची गोष्ट आठवली. तीन वर्षं टेंपररी होते. दर जूनमध्ये ऑर्डर येते की नाही, ह्या धास्तीने मे महिना जायचा. कायम झाल्याचा कागद हातात आला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले होते. मी लेकीला ती गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती! मग म्हटलं, "पर्मनंट झालीस की पेढे वाटीन. पण पासपोर्टचं मला आज लगेच बरं वाटणार नाही. मला वेळ दे."

"दिला," ती म्हणाली. आणि मग टार्ट आला.

त्या रात्री झोप लागली नाही, हे खरंच सांगते. अजूनही सव्वीस जानेवारीला आत कुठेतरी टोचतं. पण तिने हे मला पत्राने किंवा घाईच्या फोनवर कळवलं असतं, तर मी 'बरं, तुझं तू बघ' म्हणून फोन ठेवला असता आणि आमच्यात एक भिंत उभी राहिली असती. समोरासमोर बसल्यामुळे ती राहिली नाही. महागड्या जेवणाची ही खरी किंमत असेल, तर ती मला परवडली.

म्हणून म्हणते, मंडळी, त्यासाठी फ्रान्सला जायला नको. आपल्या घरी अंगतपंगत मांडा, वरणभात असला तरी चालेल. पोळ्या आधी करून डब्यात भरून ठेवा, गार झाल्या तरी चालतील. पण रांधणारीचं पान सगळ्यांबरोबर मांडा. घरातल्या कुणाच्या तरी मनात एक गोष्ट कित्येक दिवस अडून बसलेली असते. ती पहिल्या घासाला बाहेर येत नाही.

लेकीचा अर्ज गेलाय. उत्तर यायला वेळ लागतो म्हणे. परवा फोनवर तिने सांगितलं, की तिकडच्या पासपोर्टवरही जन्मस्थळ छापतात. म्हणजे तिथे येवलाच असणार! तेवढं वाक्य तिच्याकडून मी दोनदा म्हणवून घेतलं. गॅस बंद करून, खुर्चीत बसून.