दुपारी मान टाकणारा वेल

वऱ्हाडातील उन्हाळ्याची ओळख वऱ्हाडी माणसाला करून देण्याचे कारण नाही. वर्धा नदीच्या काठी वसलेल्या आमच्या कौंडण्यपुरात वैशाख लागला की नदीचे पात्र आक्रसते, काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात या आकड्याचे कोणाला नवल वाटत नाही. अशा दिवसांतही पुष्कळ घरांच्या परसात ढेमसे, दोडकी, गवार आणि चवळी तग धरून असतात. बहुधा ती घरातील सर्वांत वयस्क माणसाने लावलेली असतात. म्हणून परसबाग हा माझ्या लेखी वैद्यकीय विषय आहे.

उन्हाळा आला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हटकून येते. मुलगा किंवा सून म्हणते, ‘‘डॉक्टरसाहेब, यांना बागेत जायची बंदी करा.’’ पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा दुपारी एक वाजता दोडक्याच्या मांडवाखाली भोवळ येऊन बसले होते. घरच्यांनी घाबरून परसदाराला कुलूप लावले. पंधरा दिवसांत आजोबांचे जेवण निम्म्यावर आले, झोप उडाली, बोलणे खुंटले. भर दुपारी बाहेर का गेलात, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘वेलानं मान टाकली होती साहेब. पाहावलं नाही मले.’’

वाचकहो, या उत्तरात माया आहे आणि एक गैरसमजही आहे. तो दूर झाला तर कुलूप लावण्याची वेळ सहसा येणार नाही.

दोडके, दुधी, कारले यांची पाने मोठी व पातळ असतात. भर उन्हात या पानांतून जितके पाणी उडून जाते, तितके मुळांना त्या वेळी पुरवता येत नाही, मग जमीन ओली असली तरीही. पाने लोंबकळतात, त्यामुळे त्यांवर पडणारे थेट ऊन कमी होते आणि पाण्याचा व्ययही घटतो. सूर्य कलला की तोच वेल पुन्हा ताठ उभा राहतो. दुपारी मान टाकलेला वेल तहानलेलाच असतो असे नाही. खरी परीक्षा सूर्योदयापूर्वी करावी. त्या वेळीही पाने मलूल असतील, किंवा बोट दोन इंच मातीत घातल्यावर ओल लागत नसेल, तर पाणी द्यावे.

आता वेल लावणाऱ्या माणसाकडे पाहा. वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि त्वचेतील रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या पसरत नाहीत. हवा शरीराहून अधिक तापलेली असते तेव्हा घाम वाळणे हाच शरीर थंड राखण्याचा मुख्य मार्ग उरतो, आणि म्हातारपणी तोच अरुंद झालेला असतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि मनोविकारावरील काही औषधे यांमुळे तो आणखी आक्रसतो. वेल मदत मागत असल्यासारखा दिसतो, पण त्याला ती बहुधा नको असते. आजोबा काहीच मागत नाहीत, आणि मदतीची गरज त्यांना असते.

त्या आजोबांच्या चिठ्ठीवर मी औषधांच्या आधी घड्याळ लिहिले: सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी सूर्यास्तानंतर. बादल्या मुलाने उचलाव्यात, पाणी आजोबांनी द्यावे. परसदार उघडले, आणि आठवडाभरात त्यांचे जेवण सुधारले.

दुपारची ओढ कमी करायची असेल तर बागेलाच थोडी स्वावलंबी करता येते. आळ्यात सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटे थर द्यावा. ओल टिकते व मुळे तापत नाहीत. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करावा. बुडाला भोक नसलेले साधे मातीचे मडके वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे. माती सुकेल तसतसे पाणी झिरपत राहते. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिल्या गेलेल्या शेतीग्रंथात वेलवर्गीय फळांसाठी हीच युक्ती सांगितलेली आहे. मडक्याचे तोंड मात्र झाकावे, नाहीतर डास होतील. कुटारात थेट हात घालू नये. विंचू अशाच गारव्यात दडतो. आधी काठीने हलवून पाहावे.

पिकेही ऋतूला साजेशी निवडावीत. पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोचे परागकण दुबळे होतात व फुले गळतात. त्यात माळ्याचा दोष नसतो, आणि अधिक पाणी घालूनही उपयोग होत नाही. गवार, चवळी, भेंडी, ढेमसे ही उन्हाची पिके. जमिनीलगत पसरणारी, रसाळ पानांची आपली चिवळ तर फार थोडे मागते. मात्र मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असलेल्यांनी चिवळ व घोळ किती खावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी बागेत पाठवू नये. कष्टाने साखर एकाएकी उतरू शकते. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी जाऊ देऊ नये. तापलेल्या फरशीने पाय भाजतो आणि कळतही नाही. उकिडवे बसण्याऐवजी बुटका स्टूल द्यावा, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला झटकन उठताना भोवळ येते. पाणी, ताक, पन्हे तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर व मिठावर बंधन असेल, तर उन्हाळ्यातील प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, झोकांड्या खातो आहे किंवा गुंगीत आहे, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी निर्धास्त राहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

आपल्याकडे शेतात राबणारी माणसे उन्हाळ्यात पहाटेच कामाला लागतात. कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरकडे निघते तेव्हाही उन्हाची धग पुरती ओसरलेली नसते, आणि वारकरी सकाळच्या गारव्यात चालून दुपारी विसावा घेतात. हा रिवाज परसबागेतही पाळावा. मृगाचा पाऊस येईपर्यंत सकाळचे दोन तास आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना बागेसाठी मोकळे ठेवा, आणि शक्य तेव्हा पाण्याची बादली घेऊन स्वतः त्यांच्याबरोबर जा. त्यांची चाल, त्यांचा श्वास, त्यांचे बोलणे त्या वेळात आपल्या नजरेखालून जाईल. दवाखान्यातील पाच मिनिटांत मला तितके दिसत नाही.