हंबीरची वही

माझ्या टेबलाच्या खणात, घराच्या खरेदीखताखाली, निळ्या पुठ्ठ्याची एक शाळकरी वही गेली कित्येक वर्षे जपून ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर माझ्या हस्ताक्षरात ‘हंबीर’ एवढेच नाव असून पुढील पाने बारीक नोंदींनी भरलेली आहेत : ‘सकाळी अंगणात सात वेळा बोलावले, चार वेळा आला’, ‘संध्याकाळी फाटकापाशी बसवले, दूधवाला जाईपर्यंत उठला नाही’. वही चाळणाऱ्यास ते एका कुत्र्याच्या शिक्षणाचे दप्तर वाटेल. परंतु त्या नोंदींत हंबीरइतकीच, किंबहुना त्याच्याहून अधिक, माझी प्रगती लिहिली गेली आहे, याविषयी माझ्या मनात आता संदेह उरलेला नाही.

हंबीर आमच्या पुण्याच्या घरी आला तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. जातीने अल्सेशियन, पाठ काळीभोर, पाय तांबूस, आणि डावा कान उभा राहावा की नाही याचा निर्णय अजून व्हावयाचा होता. मामलेदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी, नानांनी, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे नाव त्याला मोठ्या हौसेने दिले. परंतु सेनापतीचे नाव धारण करणारे ते पिलू मोटारीच्या भोंग्याने थरथर कापे आणि परकी छत्री दिसली की बाजेखाली शिरे. पिलाच्या वयाचा तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा जगाशी ओळख होण्याचा काळ असतो, असे स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी दीर्घ प्रयोगांती १९६५ साली ग्रंथरूपाने मांडले. हंबीरचा तो सारा काळ विक्रेत्याच्या बंद खोलीत गेला होता, हे मला फार पुढे उमगले.

दहा महिन्यांचा होईपर्यंत त्याची भीती दांडगाईत रूपांतरित झाली. फिरायला नेताना तो पट्टा असा ओढी की तळहाताची साल निघे. आल्यागेल्याच्या छातीवर दोन्ही पाय टाकून उभे राहणे हा त्याचा नित्याचा शिरस्ता झाला. एके दिवशी शेजारच्या वृद्ध काकू हळदीकुंकवाला येत असता त्याने फाटकातच त्यांना पाडले. सुदैवाने हाड मोडले नाही. परंतु काकूंचा सांडलेला कुंकवाचा करंडा गोळा करताना माझे मन लज्जेने भरून गेले, आणि त्याच रात्री हंबीरला शिकवणीस ठेवण्याचा निश्चय झाला.

हडपसरच्या पुढे एका शेतात पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार राहत आणि लोकांची कुत्री शिकवून देत. पंचेचाळीस दिवसांची मुदत ठरली. पैसे मोजून घेण्याआधी हवालदारांनी एकच अट घातली : “साहेब, दर ऐतवारी तुम्ही यायचं. घरातलं आणखी कुणी आलं तर बेसच.” मी मान डोलावली, परंतु पहिल्या रविवारी कचेरीचे काम निघाले, दुसऱ्या रविवारी पाहुणे आले, आणि तिसऱ्या रविवारापासून सबब शोधण्याचीही गरज वाटेनाशी झाली. दाम मोजला की विद्या आपोआप घरी येते, अशी माझी समजूत होती. घड्याळ दुरुस्तीस टाकावे आणि पावती दाखवून परत आणावे, त्याच भावनेने मी एका सजीव प्राण्याची रवानगी केली होती.

मुदत संपली त्या दिवशी हवालदारांच्या अंगणात मी जे पाहिले त्याने थक्क झालो. हवालदारांचा तळहात खाली झुकला की हंबीर बसे. बोट उचलले की बसल्या जागी खिळून राही. समोरून कोंबडी गेली तरी त्याची नजर हवालदारांच्या चेहऱ्यावरून ढळत नसे. कृतार्थ मनाने मी त्याला घरी आणले. पहिले दोन दिवस तो जणू एखाद्या परगावच्या पाहुण्यासारखा अदबीने वागला. चौथ्या दिवशी मी ‘बस’ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे न पाहता फाटकाकडे पाहिले, आणि त्या दृष्टीत अवज्ञा नव्हती, शोध होता : हा शब्द उच्चारणारा तो माणूस कोठे आहे? दहाव्या दिवशी पट्टा पुन्हा तळहात सोलू लागला, आणि पंधराव्या दिवशी पोस्टमनच्या खाकी सदऱ्यावर दोन पंजे उमटले.

मी रागाने हडपसर गाठले. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतले, सायकल काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन तासभर नुसते बसून राहिले. त्या तासाभरात त्यांनी जे टिपले ते आम्ही इतक्या महिन्यांत टिपले नव्हते. नाना त्याला ‘बैठ’ म्हणत, मी ‘बस’ म्हणे, मुले ‘सिट’ म्हणत, आणि आई ‘खाली हो रे बाळा’ म्हणत पोळीचा तुकडा आधीच पुढे करी. उडी मारली तर मी ओरडे, पत्नी मागे सरे, धाकटा मुलगा मात्र हसून त्याचे कान कुरवाळी. अखेर हवालदार म्हणाले, “कुत्रं शिकलंय, साहेब. पर ते माजं म्हणून शिकलंय. तुमचं म्हणून त्याला अजून कुणी शिकवलंच न्हाई.”

त्या वाक्याचा अर्थ पुढे मी पुष्कळ वाचून आणि त्याहून अधिक अनुभवून समजावून घेतला. कुत्र्याच्या लेखी ‘बस’ हा कोशातील शब्द नव्हे. तो एका विशिष्ट कंठाचा, विशिष्ट अंगणाचा आणि विशिष्ट हाताच्या हालचालीचा एकजीव झालेला संकेत असतो, आणि तो दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा नव्याने घडवावा लागतो. शिवाय उडी मारल्यावर दहांतून दोनदाच लाड झाले तरी ती सवय नित्य लाड होण्याहून चिवट बनते, कारण कधीमधी मिळणाऱ्या फळाची आशा सुटत नाही. हवालदारांची पंचेचाळीस दिवसांची मेहनत आम्ही सर्वांनी मिळून, अत्यंत प्रेमाने, पंधरा दिवसांत पुसून टाकली होती.

जनावर माणसाला किती सूक्ष्मपणे वाचते याचा पुरावा बर्लिनमध्ये मिळाला होता. फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा खुरांनी ठोके देऊन गणिते सोडवी. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट याने सिद्ध केले की घोडा अंक जाणत नसून प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची नकळत होणारी किंचितशी हालचाल पाहून थांबत असे, आणि उत्तर ठाऊक नसलेला मनुष्य समोर असला की चुके. हे वाचताना मला हवालदारांची पहिली सूचना आठवली. मी हंबीरला बोलावताना पुढे वाकत असे, “तुम्ही अंगावर आल्यागत वाकता, ते त्याला ‘थांब’ वाटतं. ताठ ऱ्हावा, एक पाऊल मागं घ्या,” असे त्यांनी सांगितले. मी पाऊल मागे घेतले, आणि हंबीर धावत आला. माझ्या मुखातील शब्द एक आज्ञा देत होता आणि माझे खांदे दुसरी.

पोलिसांच्या श्वानपथकात कुत्र्याला एकट्याला शिकवून वाटेल त्याच्या स्वाधीन करण्याचा रिवाज नाही. कुत्रा आणि त्याचा हस्तक यांची जोडीच प्रशिक्षणास जाते. अमेरिकेत अंधांसाठी कुत्री तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ साली डॉरथी युस्टिस आणि मॉरिस फ्रँक यांनी स्थापन केली. तेथे निष्णात शिक्षक कुत्र्याला कित्येक महिने तयार करतात, आणि तरीही ज्याच्या हाती तो द्यावयाचा त्या अंध व्यक्तीला त्याच्यासह काही आठवडे शिक्षण घ्यावे लागते. स्वतः फ्रँकही १९२८ साली आपल्या ‘बडी’ नावाच्या कुत्रीसाठी समुद्र ओलांडून स्वित्झर्लंडला गेला होता. ज्यांना डोळे नाहीत त्यांनाही ही सूट नाही. मग डोळस असून मी रविवारी हडपसरला गेलो नाही, ही माझी कसूर किती मोठी होती!

म्हणून हवालदारांची विद्या व्यर्थ गेली, असे मात्र मी म्हणणार नाही. मोटारींच्या गर्दीत निर्भयपणे चालणे, परक्या कुत्र्याला पाहून न भुंकणे, या गोष्टी त्यांनी हंबीरच्या स्वभावातच रुजवल्या आणि त्या अखेरपर्यंत टिकल्या. भोंग्याची भीती तर पुन्हा कधी दिसली नाही. निष्णात माणूस भय घालवू शकतो, शिकण्याची गोडी लावू शकतो, पाया घालून देऊ शकतो. परंतु आज्ञापालन हे दोघांमधील नाते आहे, आणि नात्याचे मुखत्यारपत्र करून देता येत नाही.

त्या सकाळी हवालदारांनीच ही वही आणवली. घरातील प्रत्येकाने एकच शब्द वापरायचा, शब्दाबरोबर हाताची खूण करायची, तो बसला की क्षणाचाही विलंब न लावता घास द्यायचा, आणि रोज रात्री खरे तेच लिहायचे, असा बंदोबस्त त्यांनी ठरवून दिला. नानांनी वयाच्या सत्तराव्या वर्षी ‘बैठ’ सोडून ‘बस’ उचलला. आईने पोळीचा तुकडा पदराआड धरून ठेवायला शिकून घेतले. तीन महिन्यांनी शेजारच्या काकू फाटकातून आत आल्या तेव्हा हंबीर पायरीवर बसून होता. त्याचे पुढचे पाय अनावर आनंदाने थरथरत होते, परंतु तो उठला नाही. काकूंनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. ती नोंद आईच्या अक्षरात आहे.

हंबीर बारा वर्षे जगला. शेवटच्या वर्षी त्याची श्रवणशक्ती गेली, तेव्हा मी जमिनीवर हलकेच पाय आपटत असे. तो हादरा जाणवून तो मान वळवी, आणि मग हाताची खूण पुरे. एका श्रावणी संध्याकाळी मागील दाराशी निजलेल्या हंबीरने माझा झुकता हात पाहिला आणि पुढच्या पायांवर भार देऊन उठण्याचा दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मी हात उचलला नाही. मी जाऊन त्याच्याशेजारी फरशीवर बसलो आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. पहाटेपर्यंत तसाच बसून होतो.

वहीत त्यानंतर एकच ओळ आहे : ‘आज बोलावले नाही. मी गेलो.’